आटे जुळले, सेन्सर जुळला नाही: एका ६५० सीसी गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१४ सालची, जपानी बनावटीची, ६५० सीसी, दोन सिलिंडरची. हे मॉडेल आपल्याकडे विकायचं बंद होऊन काही वर्षं झाली आहेत. गाडी कोल्हापुरात दुसऱ्या मालकाकडे आहे, मीटरवर ४१,००० किलोमीटर. रोजचं चालणं शहरात, महिन्यातून एक-दोनदा कोकणात उतरणं. बेंड पाईप (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारे) आणि सायलेन्सर मूळचेच. वायरिंगमध्ये एकच बाहेरची भर होती: आधीच्या मालकाने लावलेले दोन जादा एलईडी लाइट. त्यांची वायर कुठून घेतली आहे हे कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढे त्याचा संबंध आला.

या गाडीत ऑक्सिजन सेन्सर एकच, दोन्ही बेंड पाईप जिथे एकत्र येतात तिथे. चार वायरींचा, म्हणजे हीटर असलेला. दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थिंगची. हा झिर्कोनिया (एक सिरॅमिक) जातीचा सेन्सर. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असलं, तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास देतो आणि मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) असलं तर ०.९ च्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, ०.४५ ला मधली रेघ धरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. ही क्रिया सुरू व्हायला सेन्सरचं टोक तीनशे-साडेतीनशे अंशांच्या वर तापावं लागतं. हायवेला धूरच ते तापवतो. सिग्नलला थांबत चालताना ते काम हीटरचं.

अडचण

२०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडी पेट्रोल जास्त खायला लागली. पूर्वी लिटरला २२ देणारी गाडी शहरात १६ वर आली. मालकाने पहिले दोन महिने सगळं खापर ई२० पेट्रोलवर फोडलं. त्यात तथ्य होतं, पण थोडंच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फरक पडू शकतो. म्हणजे २२ चे साडेवीस होतील, सोळा होणार नाहीत. हा हिशोब त्याच वेळी मांडला असता तर दोन महिने वाचले असते.

मग इंजिनचा पिवळा दिवा लागला. कोड निघाला पी ०१३५, म्हणजे सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. गॅरेजमध्ये कपलर सोडवून दोन पांढऱ्या वायरींमध्ये मीटर लावला, तर रोध दिसेचना. हीटर आतून तुटलेला. वायरिंगच्या बाजूने किल्ली चालू केल्यावर बॅटरीचं व्होल्टेज येत होतं, म्हणजे पुरवठा ठीक. इथपर्यंत तपासणी चोख होती. दोन्ही प्लग काळेकुट्ट निघाले. तेही सेन्सरच्याच खात्यावर टाकलं गेलं, आणि तिथे पहिली चूक झाली. हीटर गेल्याचा कोड येतो तेव्हा बरेच ईसीयू सेन्सरचं ऐकणं बंद करून ठरलेल्या नकाशावर (किती पेट्रोल द्यायचं याच्या आधीच भरलेल्या आकड्यांवर) गाडी चालवतात. त्यात मिश्रण थोडं घट्ट होतं, पण प्लग काजळीने भरतील इतकं सहसा नाही. काजळीचं दुसरं कारण शोधायला हवं होतं.

मूळ सेन्सरची किंमत विचारली तर पंधरा हजारांच्या वर, आणि परदेशातून यायला दहा-बारा आठवडे. पूर्ण पैसे आगाऊ.

पहिला प्रयत्न: आट्यांवरून निवड

गॅरेजच्या कपाटात चारचाकीचा एक युनिव्हर्सल सेन्सर पडून होता. त्याचे आटे एम १८ × १.५ (व्यास १८ मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.५), गाडीच्या सेन्सरचेही तेच. वायरी चार, रंगही तेच. ‘चार वायरी हायत, आटं बसत्यात, मग झालं की,’ असा निकाल लागला. जुन्या सेन्सरचं कपलर कापून नव्याला जोडलं, डाग देऊन. खर्च बावीसशे रुपये.

एम १८ × १.५ हा चारचाकींचा सगळ्यात रुळलेला आटा आहे आणि बऱ्याच मोठ्या बाइकही तोच वापरतात. वायरींचे पांढरे-काळे-राखाडी रंग अनेक कंपन्या सारखेच ठेवतात. म्हणून या दोन गोष्टी जुळणं ही फार मोठी गोष्ट नाही. ज्या गोष्टी जुळायला हव्या होत्या, त्या बाहेरून दिसत नाहीत.

दिवा विझला आणि तीन दिवस विझलेला राहिला. चौथ्या दिवशी मालक रत्नागिरीकडे निघाला. मलकापूरला पावसात चहाला थांबला, गाडी अर्ध्या तासात गार झाली. घाटात धुकं असणार म्हणून जादा लाइट लावून स्टार्टर मारला, आणि मिनिटभरात गाडी बंद. पंपाचा आवाज नाही, दिवे नाहीत. फ्यूज उडाला होता. सीटखालचा जादा फ्यूज घातला, लाइट न लावता गाडी चालू केली, तर चालली. पण पिवळा दिवा पुन्हा लागला, तोच कोड.

नेमकं काय झालं होतं

दुरुस्ती-पुस्तिकेत या सेन्सरच्या हीटरचा गार असतानाचा रोध साधारण १२ ते १५ ओहम दिलेला आहे. बसवलेल्या सेन्सरचा मोजला तर ३.४ ओहम. चालू गाडीचे १४ व्होल्ट धरले तर मूळ हीटर सुरुवातीला एक अँपिअरच्या आसपास घेतो आणि हा चार अँपिअर. गरम झाल्यावर दोघांचाही रोध वाढतो आणि करंट उतरतो, म्हणून तीन दिवस काही कळलं नाही. धक्का बसतो तो गार अवस्थेत. आणि जादा लाइटची वायर नेमकी त्याच फ्यूजवरून घेतलेली होती, ज्यावर पंप आणि हीटर आहेत. फ्यूज आधीच काठावर होता, गार हीटरने त्याला पलीकडे ढकललं.

हीटरचं अर्थिंग ईसीयू आपल्या आतल्या ट्रान्झिस्टरमधून देतो. तो ट्रान्झिस्टर एका अँपिअरसाठी नेमलेला असेल तर चार अँपिअर त्याला रोज सोसत नाहीत. त्या दिवशी फ्यूज उडाला हे मालकाचं नशीब. जादा लाइट नसते तर फ्यूज टिकला असता आणि ताण ईसीयूवर पडत राहिला असता. दिवा परत लागण्याचं कारणही तेच: ईसीयू हीटरचा करंट पाहत असतो, आणि तो अपेक्षित मर्यादेत नव्हता.

डाग देणं ही दुसरी चूक. अशा अनेक सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. शिसं वितळून तारांमध्ये भरलं की ती वाट बंद होते आणि सेन्सर हळूहळू चुकीचं सांगू लागतो. जोडायचंच असेल तर क्रिम्प करून, म्हणजे धातूची नळी वायरींवर दाबून. कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा नाही, तोही याच कारणाने.

पुढचे पर्याय

सेन्सर काढून टाकला आणि मालकाने दुसऱ्या गॅरेजकडे गाडी नेली. तिथे पर्याय नीट मांडले गेले.

मूळ भागाची ऑर्डर देणं हा निर्धोक मार्ग, पण पावसाळा संपेपर्यंत गाडी अर्धवट. तो शेवटचा पर्याय म्हणून राखला.

दुसरा पर्याय म्हणजे सेन्सरच्या जागी रोधकाचा डमी. बाजारात तयार मिळतो, दिवा विझतो. पण मग ईसीयूला धुरातलं काहीच कळत नाही. ई२० वर मूळ नकाशाने मिश्रण तसंही पातळ होण्याकडे झुकतं, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं तरी ०.४५ व्होल्टची रेघ योग्य जागीच राहते, हा तर झिर्कोनिया सेन्सरचा मोठा फायदा. कारण तो पेट्रोलचं प्रमाण नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो फायदा सोडून द्यायचा आणि वर प्रदूषण तपासणीची जोखीम घ्यायची, हे पटलं नाही.

तिसरा पर्याय दिसायला आकर्षक होता. एका लोकप्रिय भारतीय बाइकचा चार वायरींचा सेन्सर, हीटर १३ ओहम, किंमत कमी, कोणत्याही दुकानात हजर. अडचण एकच, आटे एम १२ × १.२५. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर असल्यावर एम १८ ते एम १२ चं बुश (मधली आट्यांची रिंग) लेथवर करून घेणं म्हणजे तासाभराचं काम. पण बुशची जाडी धरली तर टोक पाईपमध्ये दहा-बारा मिलिमीटर मागे सरकत होतं, म्हणजे जवळजवळ बुशच्या भोकातच बसत होतं. तिथे धूर वाहत नाही, साचतो. टोक गार राहतं, आणि बदल उशिरा कळतो. जुना बुंधा (सेन्सर ज्यात बसतो तो पाईपवरचा आट्यांचा तुकडा) कापून एम १२ चा वेल्ड केला असता तर हे जमलं असतं, पण मूळ पाईपला हात लावायला मालक तयार नव्हता.

भंगारातला सेन्सर हाही पर्याय होता. अपघातातल्या गाडीचा मिळतो. पण तेल जाळणाऱ्या इंजिनातला असेल तर टोकावर राख बसलेली असते आणि सिलिकॉन गॅस्केट वापरलेल्या इंजिनातला असेल तर पांढरट थर. तो थर साफ होत नाही.

उरला एकच पर्याय: त्याच सेन्सर कंपनीचा, त्याच जातीचा, पण दुसऱ्या मॉडेलसाठी विकला जाणारा सेन्सर शोधणं.

शोध कसा घेतला

गाडी कंपनीचा भाग क्रमांक आणि सेन्सर कंपनीचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी कंपनीच्या क्रमांकात भाग ओळखण्याचा एक ठरलेला तुकडा असतो. होंडाच्या यादीत ऑक्सिजन सेन्सर ३६५३१ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांत सापडतो, सुझुकीत १८२१३ ने, कावासाकीत २११७६ च्या गटात, यामाहात मधला तुकडा ८५९२ए असतो. बाकीचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. हा तुकडा धरून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलांच्या भागांच्या चित्रयाद्या चाळायच्या. कधी कधी तोच पूर्ण क्रमांक दुसऱ्या मॉडेलवरही दिसतो आणि प्रश्न तिथेच संपतो. या वेळी तसं झालं नाही, शेवटचे आकडे वेगळे निघाले.

मग जुन्या सेन्सरकडे वळले. त्याच्या षटकोनी पृष्ठावर आणि वरच्या नळीवर लेझरने कोरलेला क्रमांक असतो, पण दहा वर्षांच्या चिखल-धुराखाली तो दिसत नाही. वायर ब्रशने घासला तर कोरलेलंही जातं. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून थर सुटू दिला, मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढला, तेव्हा तिरप्या सावलीत अक्षरं उठली: ओझेडए आणि पुढे आकडे. एनटीके या सेन्सर कंपनीच्या क्रमांकात ओझेडए म्हणजे झिर्कोनिया. ओटीएने सुरू झाला असता तर टायटेनिया, आणि मग गणितच वेगळं. टायटेनिया सेन्सर व्होल्टेज तयार करत नाही, फक्त रोध बदलतो. त्याचे आटे जुळले तरी झिर्कोनियाच्या जागी तो चालत नाही. बॉशचा सेन्सर असता तर क्रमांक ०२५८ ने सुरू झाला असता. पाच वायरी आणि सहा पिनांचं कपलर दिसलं तर तो वाइडबँड (मिश्रण नेमकं किती घट्ट-पातळ हे मोजणारा), त्याला तर ईसीयूच वेगळा लागतो.

त्या क्रमांकावरून त्याच घराण्यातला एक सेन्सर सापडला, त्याच गाडी कंपनीच्या सध्या विक्रीत असलेल्या दुसऱ्या मॉडेलवरचा. आटे एम १८ × १.५, चार वायरी, झिर्कोनिया. मागवण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी फोटोसह मागवल्या: पांढऱ्या वायरींमधला रोध, षटकोनाच्या खालच्या काठापासून टोकापर्यंतचं माप आणि कपलरचं समोरून चित्र. रोध १३.१ ओहम. टोकाचं माप जुन्यापेक्षा एक मिलिमीटर कमी. फरक निघाला तो केबलमध्ये, ती १८ सेंटिमीटर आखूड, आणि कपलरमध्ये. कपलर चार पिनांचंच, पण आतली खाच दुसऱ्या बाजूला.

बसवताना

इथे दुसऱ्या गॅरेजने एक चांगला निर्णय घेतला: नवा सेन्सर कापायचा नाही. कापला की परत करता येत नाही. त्याऐवजी मधली जोडवायर बनवली. एका टोकाला जुन्या सेन्सरचं कपलर, दुसऱ्या टोकाला नव्या सेन्सरच्या कपलरची जोडी. ती जोडी पुण्यात नाना पेठेतल्या वायरिंगच्या दुकानातून आली, पिनांसकट. चारही सांधे क्रिम्प केले आणि एकाच ठिकाणी गाठ होऊ नये म्हणून दोन-दोन सेंटिमीटर पुढे-मागे ठेवले, प्रत्येकावर हीट श्रिंक. कपलरची खाच बदलली की पिनांची जागाही बदललेली असू शकते, म्हणून रंगांवर विश्वास न ठेवता प्रत्येक पिन मीटरने टोकापासून टोकापर्यंत तपासली. खरोखरच काळी आणि राखाडी उलट बाजूला होत्या. मीटरने न तपासता सरळ पिनेला पिन जोडली असती तर ईसीयूला उलटा सिग्नल गेला असता.

बसवण्याआधी सेन्सर टेबलावर तपासला. षटकोनाला हलकेच पकडीत धरून टोकावर गॅस टॉर्चची निळी ज्योत, मीटर काळ्या आणि राखाडी वायरीवर. पाऊण मिनिटात ०.७ व्होल्ट, ज्योत काढल्यावर काही सेकंदांत ०.१ च्या खाली. मीटर डिजिटल हवा. आणि काळ्या-राखाडी वायरींमध्ये ओहम कधीही मोजायचे नाहीत, कारण मीटरचा करंट सेन्सरमध्ये जातो. ओहम फक्त पांढऱ्या वायरींमध्ये.

बुंध्याचे आटे एम १८ × १.५ च्या टॅपने साफ केले, टॅपला ग्रीस लावून म्हणजे कीस पाईपमध्ये पडणार नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीनेच लेप लावलेला होता, वरून काही लावलं नाही. लेप नसेल तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला अजिबात नाही. २२ मिलिमीटरच्या चिरलेल्या सॉकेटने, पुस्तिकेप्रमाणे ४४ न्यूटन-मीटरला आवळला. जादा लाइटसाठी बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले.

निकाल, आणि राहिलेला प्रश्न

कोड पुसल्यावर दिवा परत आला नाही. गरम इंजिन ४,००० फेऱ्यांवर धरलं तर सिग्नल ०.१ ते ०.८ मध्ये नीट हेलकावत होता. हायवेला २१ मिळू लागले.

शहरात मात्र १७. आणि प्लग परत काळे.

आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवून, सिग्नल पाहिला तर तो ०.१ वरच चिकटलेला. म्हणजे सेन्सर सांगत होता की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू पेट्रोल ओतत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याच्यापर्यंत खरोखरच जादा हवा येत होती. दोन नंबरच्या सिलिंडरच्या तोंडाशी बेंड पाईपची गॅस्केट फुटली होती, नटाजवळ नखाएवढा काजळीचा डाग होता. आयडलला पाईपमधला दाब लाटांनी खाली-वर होतो आणि अशा फटीतून हवा आत ओढली जाते. वेगात धूर बाहेरच ढकलला जातो, म्हणून हायवेला फरक नाही. दोन्ही गॅस्केट बदलल्या, अडीचशे रुपये. गार इंजिन चालू करून साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडे नाहीत. पुढच्या तीन टाक्यांचा शहरातला सरासरी आकडा १९.५ आला.

खर्च: नवा सेन्सर ५,४००, कपलर आणि पिना ३५०, मजुरी १,२००, गॅस्केट २५०. वाया गेले ते युनिव्हर्सल सेन्सरचे २,२००.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवशीच गार इंजिनावर साबणाचं पाणी फवारलं असतं तर गॅस्केट सापडली असती. सेन्सर तेव्हाही बदलावाच लागला असता, कारण हीटर तुटलेलाच होता. पण काळे प्लग आणि पी ०१३५ ही दोन वेगळी दुखणी आहेत हे तेव्हाच कळलं असतं.

निवडीचा क्रम उलटा झाला. आटे सगळ्यात शेवटी पाहायला हवे होते, ते जुळवायला सोपे. आधी जात: झिर्कोनिया, टायटेनिया की वाइडबँड. मग हीटरचा गार रोध, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून, कारण मेलेल्या हीटरवरून तो मोजता येत नाही. मग टोकाची लांबी, मग केबल आणि पिना. पुस्तिका मिळत नसेल तर तशीच दुसरी चालू गाडी गाठून तिच्या सेन्सरचे ओहम मोजणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे. कोल्हापुरात अशी एक गाडी होती, हे नंतर समजलं.

एक निर्णय अजून वादाचा आहे. एम १२ चा सेन्सर नाकारला तो मूळ पाईप कापायचा नाही म्हणून. पुढे दोन-तीन वर्षांनी हाही सेन्सर मिळेनासा झाला तर बुंधा बदलून एम १२ कडे जाणं शहाणपणाचं ठरेल, कारण नव्या लहान बाइकमध्ये एम १२ बराच रुळला आहे. तसं करताना बुंधा आडव्यापासून निदान दहा अंश वर वेल्ड करावा लागेल, नाहीतर गार सुरुवातीला पाईपमध्ये जमणारं पाणी टोकावर येतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. दुसऱ्या गॅरेजने जुना, हीटर तुटलेला सेन्सर फेकून दिलेला नाही. बुंध्याचं माप घ्यायला तो फळीवर ठेवला आहे.